मिरीच्या खांद्यावरचं टक्कल

५ ऑगस्ट

विहीणबाईंस नमस्कार.

नमस्कार पत्राच्या सुरुवातीला लिहितात म्हणून लिहिला. त्यातून जास्त अर्थ काढू नका.

फोन केला असता, पण माझ्या मुलीने आणि तुमच्या मुलाने परदेशी जाताना आपल्याला एकमेकींना फोन करायची बंदी घातली आहे. "तुम्हा दोघींना एकमेकींचा आवाज ऐकू आला की संपलं," असं मुलगी विमानतळावर म्हणाली होती. म्हणून कागद. शिवाय कागदावर माणसाला मध्येच बोलता येत नाही, आणि तुमची ती सवय मला लग्नाच्या बैठकीपासून माहीत आहे.

विषय आमच्या कुत्रीचा, मिरीचा. पोरं दूर गेली तेव्हा मिरीला तुम्ही ठेवून घेतलंत. तुमच्याकडे अंगण आहे, मी दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहते, म्हणून मीही मान डोलावली. आता घराला रंग काढायचाय म्हणून तुम्ही तिला परत पाठवलंत. काल तिला आंघोळ घालताना उजव्या खांद्यावर माझा हात थबकला. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा गोल, त्यावर केस म्हणून नाही. कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ आणि चकचकीत. खाली बोटाला एक बारीक गाठ लागते. काळीभोर कुत्री, आणि खांद्यावर हे टक्कल! वरचे केस पडून राहतात म्हणून सहज दिसत नाही. पण विहीणबाई, मी चष्म्याचं दुकान चालवते. न दिसणारं दाखवणं हाच माझा धंदा आहे.

तिच्या अंगावर काय सांडलंत? उकळतं पाणी, की इस्त्री टेकवलीत? चिखलाच्या पायांनी ती तुमच्या पांढऱ्या चादरीवर चढली म्हणून तुम्ही तुमच्या मुलाकडे केलेली तक्रार मला कळली आहे. मुक्या जिवावर राग काढणाऱ्या माणसाच्या घरात मी मुलगी दिली का, एवढंच मला विचारायचं आहे.

उत्तर द्या. मिठाची गुळणी धरून बसू नका.

— मुलीची आई


८ ऑगस्ट

विहीणबाई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या खेपेला माझा विश्वास बसला नाही.

मी बत्तीस वर्षं नर्स होते. त्यातली बरीच भाजलेल्यांच्या वॉर्डात. तुम्ही आयुष्यात जेवढ्या काचा घासल्या असतील त्याहून जास्त भाजलेली माणसं मी धुतली, पुसली आणि पट्ट्या बांधून घरी पाठवली. भाजल्याची जखम गोल, नीटनेटकी, नाण्यासारखी नसते. पाणी सांडलं की ते ओघळतं. त्याचा डाग ओघळासारखा असतो. इस्त्रीचा टोकदार असतो. चष्मा विकणं आणि बघता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या घरात तिला विस्तवाचा कण लागलेला नाही. हे मी लिहून देते.

तुमची मिरी माझ्याकडे कशी राहिली तेही ऐका. माझं जेवण होण्याआधी तिचं ताट वाढलं जायचं. माझ्या गुडघ्याचं दुखणं बाजूला ठेवून मी तिला सकाळ-संध्याकाळ फिरवलं. जूनमध्ये ती माजावर आली तेव्हा गल्लीतले सगळे कुत्रे माझ्या फाटकाबाहेर ठाण मांडून बसले होते. फाटकाची खालची जाळी त्यांनी दातांनी उचकटली. शेजारचा ड्रायव्हर रोज रात्रपाळी करून येतो आणि दिवसा झोपतो. तो मला तोंडावर म्हणाला, "सिस्टर, यांचा बंदोबस्त करा, नाहीतर मी पावाला औषध लावून टाकतो." त्या दिवसांत तुम्ही कुठे होतात? काउंटरमागे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

केस गेले असतील तर खरूज असेल, नायटा असेल. डॉक्टरला दाखवा आणि माझ्यावर आळ घेणं थांबवा.

— मुलाची आई


१५ ऑगस्ट

विहीणबाई,

दाखवलं डॉक्टरला. तुमची आज्ञा शिरसावंद्य.

आमच्या चौकापुढे प्राण्यांचा दवाखाना आहे. तिथली डॉक्टरीण वयाने माझ्या मुलीएवढी, पण हात मोठा शांत. तिने मिरीच्या खांद्यावरचे केस दोन्हीकडे सारले, कातडी दोन बोटांत धरून पाहिली, ती गाठ चाचपली आणि मान वर न करता विचारलं, "हिला इथे इंजेक्शन कधी दिलं?"

मी म्हटलं, "कसलं इंजेक्शन?"

"माज थांबवायचं. हार्मोनचं." मग तिने समजावून सांगितलं. कुत्रीला माजावर येऊ नये म्हणून एक इंजेक्शन मिळतं. ते कातडीखाली जिथे देतात तिथेच पुढे असं होऊ शकतं. केस गळतात, कातडी पातळ पडते, कधी गाठ राहते, कधी केस परत येतात ते वेगळ्याच रंगाचे. "म्हणून आम्ही ते मांडीच्या आतल्या घडीत देतो," ती म्हणाली. "काही झालं तरी दिसत नाही. खांद्यावर कुणी दिलं?"

मी म्हटलं, अशक्य. मला विचारल्याशिवाय कुणी देणार नाही. मुलगी इतक्या लांबून कुत्री जेवली का ते विचारते, ती मला सांगितल्याशिवाय राहील का? डॉक्टरिणीने मिरीच्या पोटावर हात फिरवला आणि पाणी किती पिते ते विचारलं. मिरी चार दिवसांपासून भांडंच्या भांडं रिकामं करते आहे आणि जेवणाला तोंड लावत नाही. मला वाटलं, उकाड्याने. हे ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. कोणतं औषध, किती, आणि माजाच्या आधी की माज सुरू झाल्यावर, हे कळायलाच हवं म्हणाल्या.

तुम्ही लिहिलंत, विस्तवाचा कण लागला नाही. सुईचं काय? मोठी तोलून मापून वाक्यं लिहिता तुम्ही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं.

हो की नाही, एवढंच लिहा. बाकी मखलाशी नको.

— मुलीची आई


१७ ऑगस्ट

हो.

इंजेक्शन मी दिलं. माझ्या हाताने. कुपी मी टाकली नव्हती, नोकरीची सवय. ती या पाकिटात कापसात गुंडाळून ठेवली आहे. वरचं नाव डॉक्टरीणबाईंना दाखवा. अर्धी कुपी दिली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. फरशीवर रक्ताचे थेंब दिसून दोन दिवस झाले होते. म्हणजे माज सुरू झाल्यावर. हे त्यांना नक्की सांगा, विसरू नका.

औषध जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आणलं. दुकानदार म्हणाला, कधीही द्या, चालतं. मी जनावरांच्या कुठल्याही डॉक्टरला विचारलं नाही. हेही सांगा.

पाणी फार पिणं आणि अन्न न खाणं, ही थट्टा नाही. पोट फुगलंय का बघा. शेपटीखाली ओलं, घाण वासाचं काही दिसतं का बघा. नाही दिसलं तरी गाफील राहू नका. पोटाची सोनोग्राफी करायला सांगा. आजच. हे पत्र घेऊन मी स्वतः आले आहे. दुकान बंद दिसतंय, म्हणून शटरच्या फटीतून आत सरकवते आणि तशीच दवाखान्यात जाते. तुम्ही तिथे असाल अशी आशा आहे. नसाल तर त्यांना मीच सगळं सांगेन.

का दिलं, कुणाला विचारून दिलं, ते विचारू नका. दिलं मी. तेवढं तुम्हाला पुरे.

— मुलाची आई


२० ऑगस्ट

विहीणबाई,

सतरा तारखेला दवाखान्यात तुम्ही माझा जो तमाशा केलात, तो तुम्हाला आठवत नसेल तर आठवण करून देते. तिथला तो पोपटवाला आणि दोन मांजरवाल्या बाया जन्मभर विसरणार नाहीत.

सोनोग्राफी झाली होती. मिरीच्या गर्भाशयात पू भरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता पोट उघडून पिशवी काढायला हवी. मी मिरीला उचललं आणि दाराकडे निघाले, हे खरं आहे. मिरीची आई, आमची थोरली, अशाच एका टेबलावर भूल दिल्यावर पुन्हा उठली नाही. तिला टॉवेलात गुंडाळून मी रिक्षातून घरी आणलं तेव्हा माझ्या मुलीचं कॉलेज नुकतंच संपत आलं होतं. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला की माझ्या कुत्रीच्या अंगाला सुरी लावू देणार नाही. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे.

आणि दारात तुम्ही उभ्या!

"कुठे निघालात?"

"घरी."

"घरी काय करणार?"

"माझी कुत्री आहे. मी बघून घेईन."

"तिच्या पोटात पू आहे. तो काय चष्मा लावून बघणार?"

मी म्हटलं, थोरली टेबलावर गेली. तेव्हा तुम्ही भर दवाखान्यात, मोठ्याने म्हणालात, "थोरली म्हातारी होती. ही तरणी आहे. आज नाही केलंत तर ही तुमच्या मांडीवर मरेल. टेबलावर मेली तर निदान शिव्या घालायला डॉक्टर तरी असेल."

असं कुणी बोलतं? माणसाचं काळीज आहे की वॉर्डातला स्टीलचा ट्रे?

आणि वर, "सही तुम्ही करता की मी करू?"

मी म्हटलं, "तुमचा काय संबंध?"

"सुई माझी होती," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या हातातून मिरीला काढून घेतलंत. तिने तुमच्या खांद्यावर मान टाकली. तेही मी पाहिलं.

सही मी केली. तुमच्या दमदाटीने नाही, मिरीच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं म्हणून. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतात ते मला माहीत आहे. मी तुम्हाला घरी जायला सांगितलं तेव्हा गेलात, एवढं बरं केलंत. नंतरचं तुम्हाला माहीत नाही म्हणून कळवते, उपकार म्हणून नाही. काढलेली पिशवी डॉक्टरीणबाईंनी मला दाखवली. सायकलच्या फुगलेल्या ट्यूबसारखी होती. आणखी एक दिवस गेला असता तर आतच फुटली असती म्हणाल्या. मिरी शुद्धीवर आली. सलाईनवर आहे. काल रात्री शेपटी एकदा हलली.

पण हे सगळं तुमच्यामुळे झालं. तुम्ही माणसांच्या नर्स. कुत्रीची डॉक्टर व्हायला तुम्हाला कुणी सांगितलं? हौस भागवायला माझं जनावर सापडलं? मी मुलीला सगळं सविस्तर लिहून कळवलं आहे. तिची सासू काय चीज आहे ते तिलाही कळू दे. मिरी आता तुमच्या फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही आणि माझ्या दुकानाची पायरी तुम्ही चढू नका.

— मुलीची आई


२२ ऑगस्ट

विहीणबाई,

मुलीला लिहिलंत. लिहायला नको होतं. पण लिहिलंत, आता काय बोलायचं.

काल मी डॉक्टरीणबाईंना एकटी जाऊन भेटले. मिरीला पाहायला नाही, तुमच्या परवानगीशिवाय मी तिच्या पिंजऱ्याजवळ गेले नाही. मला एक गोष्ट विचारायची होती. माझा हात चुकला का? त्या म्हणाल्या, नाही. सुई बरोबर कातडीखाली गेली होती, जागा स्वच्छ होती. केस जाणं, कातडी पातळ होणं, हे त्या औषधाचंच आहे. कुणीही दिलं असतं तरी झालं असतं. मांडीच्या घडीत दिलं असतं तर फक्त झाकलं गेलं असतं.

मग मी म्हटलं, म्हणजे माझी चूक नाही?

त्या म्हणाल्या, "सिस्टर, खांद्याचं सोडा. माज सुरू झाल्यावर हे द्यायचंच नव्हतं. तपासल्याशिवाय तर नाहीच. पिशवीत पू होण्याचा धोका त्यानेच वाढतो."

हे तुम्हाला कळवलं नसतं तरी चाललं असतं. कळवते. तुम्ही आळ घेतलात एका गोष्टीचा आणि चूक होती भलत्याच गोष्टीत. तुमचा नेमही चुकला आणि माझाही.

आता कामाचं. टाक्यांची जागा तिला चाटू देऊ नका. गळ्यात तो प्लास्टिकचा कर्णा बांधलाय तो ती ओरबाडेल, दयेपोटी काढू नका. जिना चढू देऊ नका, उचलून न्या, पोटाखाली हात घालून नाही, छाती आणि मागचे पाय धरून. गोळ्या अर्धवट सोडू नका. तुम्ही स्वतः खोकल्याच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद करता, हे मला सुनेकडून कळलं आहे.

— मुलाची आई


२७ ऑगस्ट

विहीणबाई,

मुलीचा फोन आला. मी तिला तुमची सगळी कर्मकहाणी लिहिली होती. मला वाटलं, ती माझ्या बाजूने चार शब्द बोलेल. ती रडायलाच लागली.

म्हणाली, "आई, त्यांना काही बोलू नकोस. इंजेक्शन द्यायला मीच सांगितलं होतं."

दुकानात एक गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं होतं, त्याला मी तसंच अंधारात ठेवलं.

"शेजारचा विष घालायची भाषा करत होता. ऑपरेशन करायला तू हो म्हणाली नसतीस. मी नेटवर वाचलं आणि त्यांना फोन केला. त्या आधी नाही म्हणाल्या. मी खूप गळ घातली. आणि तुला सांगू नका, अशी शपथ घातली."

मी विचारलं, "मला का नाही सांगायचं?"

"तू थोरलीचं काढलं असतंस."

"मग काढायचं नाही?"

"काढ ना. पण प्रत्येक वेळी? थोरली गेली तेव्हा मीही रडले होते, आई. पण तुझ्यासमोर त्यावर बोलायची सोयच नसते. तुझंच दुःख एवढं मोठं असतं की बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं."

माझ्या मुलीने मला हे ऐकवलं. फोनवर, परदेशातून.

म्हणजे तीन पत्रं मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले आणि तुम्ही एका शब्दाने तिचं नाव घेतलं नाहीत. "कुणाला विचारून दिलं ते विचारू नका!" मला ते तुमचं तोरा मिरवणं वाटलं होतं. मी तुमची माफी मागावी अशी तुमची अपेक्षा असेल. मागत नाही. सुईची मी माफी दिली असती. पिशवी गेली, तीही सोसली. पण माझी पोर अडचणीत सापडली आणि तिने तुम्हाला फोन केला, मला नाही. आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवून, माझ्या शिव्या खाऊन, वर थोर झालात. हे मी तुम्हाला माफ करणार नाही.

एकच विचारते, आणि या वेळी तोलून मापून लिहू नका. तिने तुम्हाला का सांगितलं? तुमच्यात असं काय आहे?

— मुलीची आई


२८ ऑगस्ट

विहीणबाई,

माझ्यात काही नाही. म्हणूनच तिने मला सांगितलं.

माझं मन मोडलं तर तिचं काही अडत नाही. तुमचं मोडलं तर तिची झोप उडते. माणूस आपल्या चुका नेहमी अशा दारात नेऊन ठेवतो जिथे त्याला राहायचं नसतं. एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळली नाही याचं मला नवल वाटतं.

आता दुसरी बाजू, विचारलीत म्हणून. लग्नाला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तुमच्या मुलीने मला कधी हाकच मारली नाही. "अहो, ऐका ना," एवढंच. फोन नेहमी मुलगा लावायचा आणि शेवटी तिच्या हातात द्यायचा. "बऱ्या आहात ना?" "बरी आहे." संपलं. त्या दिवशी तिने स्वतःहून फोन केला. पाऊण तास बोलली. मध्येच म्हणाली, "आई, प्लीज, माझ्यासाठी एवढं करा."

माज सुरू झालाय, डॉक्टरला विचारायला हवं, हे मला कळत होतं. बत्तीस वर्षं डॉक्टरच्या सहीशिवाय मी साधी तापाची गोळी दिली नाही. पण मी विचारलं नाही, कारण डॉक्टर नको म्हणाला असता. मग मला तिला फोन करून नाही म्हणावं लागलं असतं. आणि ती पुन्हा "अहो" वर गेली असती.

हे असं आहे. मी थोर वगैरे काही नाही. लोभी आहे. मुक्या जिवाच्या जिवावर मी एक हाक विकत घेतली आणि ती कुत्री मरता मरता वाचली. तुम्हाला शिव्या घालायच्या असतील तर आता खऱ्या कारणासाठी घाला.

कीव मात्र करू नका. केलीत तर पुढचं पत्र फार वाईट लिहीन.

तिला फोन करा. थोरलीबद्दल तिला बोलू द्या आणि तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्ही म्हणता ती सवय माझी आहे. माझ्या मते दोघींची आहे.

सोमवारी टाके काढायचे आहेत. टाके काढताना मिरीला धरायला दोन माणसं लागतील, एक डोक्याकडे आणि एक पायांकडे. डोक्याकडे तुम्ही राहा, तिला तुमचा चेहरा दिसायला हवा. पायांकडे दुसरं कुणी असेल तर कळवा. नसेल तर मी येईन. दुकानाची पायरी चढणार नाही, सरळ दवाखान्यात येईन. आपण बोलायची गरज नाही.

— मुलाची आई


३० ऑगस्ट

विहीणबाई,

दुसरं कुणी नाही. सकाळी दहाला.

— मुलीची आई